किंग्ज कपचा हँडिकॅप सिम्युलेटरवर : चौथी चाचणी

किंग्ज कप ही ब्रिटनमधली हँडिकॅपची विमानशर्यत : हळू विमान आधी सोडायचं, वेगवान नंतर, म्हणजे सगळी साधारण एकाच वेळी पोहोचावीत. आमचा गट ती संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर खेळून बघतोय. मागच्या नोंदीत तिसऱ्या चाचणीचा निकाल दिला होता. लंडनजवळच्या क्रॉयडनवरून सुटायचं, उत्तरेला १२० किलोमीटरवरच्या खांबाला वळसा घालून परत यायचं. एकूण २४० किलोमीटर, वारा शून्य. तीन जुनी ब्रिटिश विमानं : जिप्सी मॉथ (१५० किमी/तास) सर्वांत आधी सुटली, पस मॉथ (१७०) तिच्यानंतर ११ मिनिटं १८ सेकंदांनी आणि कॉमेट (३४०) ५३ मिनिटं ३९ सेकंदांनी. तिन्ही विमानं ७० सेकंदांच्या आत अंतिम रेषेवर आली. शेवटच्या दोन मिनिटांत कॉमेट मागून चढत येताना बघणं हा या छंदातला माझा आजवरचा सर्वांत सुंदर क्षण आहे.

चौथ्या चाचणीत उत्तरेकडून ताशी ४० किलोमीटरचा वारा लावला आणि सगळं विस्कटलं. जिप्सी मॉथ जवळपास सात मिनिटं मागे पडली.

पहिल्यांदा वाटलं, उडवणाऱ्याचं काहीतरी चुकलं. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून, म्हणजे फिटंफाट व्हायला हवी असं मन सांगतं. पण होत नाही, कारण समोरचा वारा जास्त वेळ खावा लागतो. मॉथ जाताना ११०ने जाते, येताना १९०ने येते. एकूण १०३ मिनिटं २१ सेकंद. वारा नसताना ९६ मिनिटं लागली होती. तोटा ७ मिनिटं २१ सेकंद. पस मॉथचा तोटा ४ मिनिटं ५८ सेकंद. आणि कॉमेटचा? फक्त ३६ सेकंद! निवांत हवेत काढलेला हँडिकॅप वारा सुटला की हळू विमानाच्या मुळावर येतो, तो असा.

वळणाचा हिशोब उलट आहे. विमान तेवढंच कलवलं तर वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. कॉमेट मॉथच्या सव्वादोन पट वेगवान, म्हणून तिचा वळसा पाचपट मोठा. म्हणजे लांब सरळ मार्ग आणि जोरदार वारा असेल तर फायदा वेगवान विमानाचा, छोट्या फेऱ्या आणि पुष्कळ वळणं असतील तर हळू विमानाचा. शर्यतीचा मार्ग आखतानाच अर्धा निकाल लिहिला जातो, हे मला या आठवड्यात कळलं.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. १९०९ साली फ्रान्समध्ये रँस (Reims) इथे विमानांच्या पहिल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत हँडिकॅपचा प्रश्नच नव्हता. दहा किलोमीटरच्या दोन फेऱ्या, प्रत्येकाने एकट्याने उडायचं, घड्याळ सांगेल तो निकाल. अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने १५ मिनिटं ५०.६ सेकंदांत जिंकली, फ्रान्सचा लुई ब्लेरियो साडेपाच सेकंदांच्या आसपास मागे राहिला. पण विमानांच्या वेगात मोठा फरक पडायला लागल्यावर अशा शर्यतीत ज्याच्याकडे मोठं इंजिन तोच जिंकणार. राजे पाचवे जॉर्ज यांनी दिलेल्या करंडकासाठी सप्टेंबर १९२२ मध्ये क्रॉयडन ते ग्लासगो आणि परत अशी पहिली किंग्ज कप शर्यत झाली, ती हँडिकॅपचीच. फ्रँक बर्नार्ड डीएच-४ए विमान घेऊन जिंकला. आणि ५ जुलै १९३० ला ८८ विमानं एका दिवसात सुमारे ७५० मैल उडाली, तेव्हा पहिली आली विनिफ्रेड ब्राउन, साध्या अॅव्हरो एव्हियनमध्ये. किंग्ज कप जिंकणारी ती पहिली स्त्री.

आमच्यातल्या एका काकांचं म्हणणं, हँडिकॅप म्हणजे मॉथला कच्चं लिंबू म्हणून खेळायला घेणं. मला हे अजिबात पटत नाही. कच्चं लिंबू बाद होत नाही. हँडिकॅपमध्ये प्रत्येक जण हरू शकतो. इथे प्रत्येक विमानाचा ठरलेला वेग हा त्याचा खरा प्रतिस्पर्धी. जिंकतो तो, ज्याचा वेग अंदाजात सर्वांत जास्त कमी धरला गेला. १९३८ साली हॅटफील्डला अॅलेक्स हेन्शॉने मिऊ गल हे शर्यतीचं विमान ताशी २३६.२५ मैलांच्या सरासरीने उडवून करंडक नेला. आधी त्या विमानात बऱ्याच सुधारणा करून घेतल्या होत्या. हँडिकॅप ठरवणाऱ्याने विमानाची मागची कामगिरी कितीही नीट पाहिली, तरी हँगरमध्ये झालेलं काम त्याच्या वहीत पूर्ण कसं उतरणार?

म्हणून आमचा नवा नियम : शर्यतीआधी प्रत्येकाने पूर्ण थ्रॉटलवर (इंजिनाच्या पूर्ण ताकदीने) दोन सरळ फेऱ्या उडवून दाखवायच्या, एक वाऱ्यासमोर, एक वाऱ्यासोबत. दोन्ही वेगांची सरासरी तो अधिकृत वेग. दोन वेळांची सरासरी घ्यायची नाही, नाहीतर वाऱ्याची चूक पुन्हा मागच्या दाराने आत येते. वारा किती ते शर्यत सुटण्याच्या अर्धा तास आधी जाहीर होईल आणि एक्सेल शीट जाताना-येतानाचा वेळ वेगवेगळा काढेल. या पद्धतीने काल चाचणी पुन्हा घेतली. तीन विमानांतलं अंतर ९५ सेकंदांवर आलं. मी खूश आहे.

पुढचा टप्पा मोठा आहे, १९३४ ची इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया मॅकरॉबर्टसन शर्यत. २० ऑक्टोबरच्या पहाटे मिल्डेनहॉलहून २० विमानं मेलबर्नकडे निघाली. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन, शार्लव्हिल इथे उतरणं सक्तीचं. वेगाचा विभाग वेगळा, हँडिकॅपचा वेगळा, आणि हँडिकॅपमध्ये वाहून नेलेल्या भारालाही किंमत. स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक हे वैमानिक तांबड्या कॉमेटमधून सुमारे ७१ तासांत सर्वांत आधी पोहोचले. पण माझं मन अडकलंय ते डच विमान कंपनी केएलएमच्या डीसी-२ मध्ये, ‘अइव्हर’ नावाच्या विमानात. तीन प्रवासी आणि टपाल घेऊन निघालेलं प्रवासी विमान! वादळात वाट चुकल्यावर ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरीच्या लोकांनी गावातले दिवे उघडझाप करून मोर्समध्ये गावाचं नाव कळवलं, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मोटारींचे दिवे लावून ते उतरवलं, आणि सकाळी दोरांनी चिखलातून ओढून काढलं. एवढं होऊनही एकूण वेळेत दुसरं आणि हँडिकॅपचं बक्षीस त्याचंच.

आपल्याकडचा एक धागाही आहे. कराचीपर्यंत याच शर्यतीत आघाडीवर असलेले जिम आणि एमी मॉलिसन हे वैमानिक जोडपं वाट चुकून जबलपूरला उतरले. विमानाचं पेट्रोल नव्हतं, बस कंपनीचं भरलं. इंजिनं बिघडली आणि अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. आमच्या शीटमध्ये इंधनाच्या प्रतीचा रकाना नव्हता, तो कालच घातलाय.

मिल्डेनहॉल-बगदाद टप्पा येत्या शनिवारी रात्री नऊला. डीसी-२ साठी सहवैमानिक हवा आहे, कंपास आणि स्टॉपवॉचवर मार्ग काढता येणारा.