चालतंय ना, मग हात लावू नको

गोव्यात म्हार्दोळला माझा मावसभाऊ राहतो, देवळातल्या भजनांचं रेकॉर्डिंग जुन्या लॅपटॉपवर करतो, विंडोजच्या जागी लिनक्स ही सिस्टम मीच घालून दिलेली, त्यामुळे काही बिघडलं की फोन मलाच. या खेपेला तक्रार अशी की एक भजन व्यवस्थित रेकॉर्ड होतं, मग मंडळी चहाला उठतात, पेटीवाला परत येऊन बसतो आणि बघतो तर युएसबी साउंड कार्ड, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, स्क्रीनवरून गायब! केबल काढून परत घातली की येतं.

मी लॉग, म्हणजे लॅपटॉप स्वतःच ठेवतो ती नोंद, बघितला. बॅटरी वाचवायला भावाने एक टूल टाकलेलं, त्या टूलने सगळ्या युएसबी वस्तूंना ऑटोसस्पेंड लावलेलं. म्हणजे कार्ड वापरात नसलं की कर्नल, लिनक्सचा गाभा, त्याला झोपवतो, डिफॉल्ट वेळ फक्त २ सेकंद. रेकॉर्डिंग चालू असताना काही होत नाही, थांबलं की झोप. झोपायला हरकत नाही हो, पण हे कार्ड उठतच नाही, त्याच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे कार्डाच्या आतल्या प्रोग्राममध्येच, घोळ.

फोननंतर मी पोचेपर्यंत भावाने कुठेतरी वाचून बूट पॅरामीटरमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचनांत, ऑटोसस्पेंड -१ करून ठेवलं होतं, म्हणजे सगळ्यांचीच झोप बंद. साउंड कार्ड चाललं, पण लॅपटॉपच्या आतला वेबकॅम आणि ब्लूटूथ पण युएसबीवरच असतात, तेही जागे. वर बॅटरीचं टूल चालूच! मी म्हटलं अरे हा काय उपाय झाला, तर म्हणतो, "दादा, चालतंय ना, मग हात लावू नको."

यावर आमचं तासभर वाजलं. बाहेर पाऊस, वीज गेलेली, दुसरं करणार काय.

खरी दुरुस्ती फर्मवेअरमध्ये, आणि ती कंपनी करणार नाही, स्वस्तातलं कार्ड, कोण विचारतो. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम या कॉम्प्युटर चिपचा भागाकार चुकतो हे बाहेर आलं तेव्हासुद्धा इंटेलने सरसकट चिप बदलून द्यायला आधी आढेवेढेच घेतले, बोंबाबोंब झाली तेव्हा दिल्या. तोपर्यंत सॉफ्टवेअरवाल्यांनी चुकणारा भागाकार चुकवायच्या युक्त्या काढलेल्याच. मग आपल्या कार्डाला कोण बदलून देतो!

आणि गंमत म्हणजे लिनक्स कर्नलमध्येसुद्धा अशा जुगाडाला 'क्विर्क' म्हणजे तऱ्हेवाईकपणाच म्हणतात, अशा वाकड्या वस्तूंची यादीच आहे तिथे, कंपनीचा नंबर (व्हेंडर आयडी), वस्तूचा नंबर (प्रॉडक्ट आयडी) आणि पुढे याच्याशी कसं वागायचं ते. म्हणजे तीही जुगाडाचीच वही. भाऊ लगेच म्हणाला, "बघ, तेही तेच करतात!" करतात, पण एकाच वस्तूपुरतं, आणि उघड्यावर. तुझा जुगाड सगळ्या घराची लाईट चालू ठेवतो, आणि तो का घातला हे सहा महिन्यांनी तुलाच आठवणार नाही. शिवाय असं झाकून ठेवलं की कार्ड बिघडतं हे कुणाला कळतच नाही, दुसऱ्या गावातला कुणी तरी परत तेवढाच वेळ घालवणार.

वीज आल्यावर मी -१ बंद केलं आणि त्या एकाच कार्डासाठी 'उठवताना रीसेट कर' हा क्विर्क बूट पॅरामीटरमध्ये घातला. तीनदा झोपवून उठवलं, तिन्ही वेळा आलं. आयडी आणि लॉग घालून कर्नलवाल्यांना मेलही लिहिला, इंग्रजी जरा लंगडंच. भाऊ बाजूला बसून म्हणतो, "आणि गणपतीच्या चवथीला बंद पडलं तर?"

आधी काय होतं ते पुढे कळावं म्हणून त्याचं -१ मी पुसलं नाही, कॉमेंट करून ठेवलंय, म्हणजे ओळ दिसते पण चालत नाही, तारखेसकट.