मांडवीत विंच बदलताना

मुंबईहून गोव्याकडे शिडावर उतरताना जुन्या विंचचं (शिडाचा दोर गुंडाळून ताणायच्या ड्रमचं) दुखणं कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो, जेनोआची, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाची, शीट (ते ओढायचा दोर) फारशी ताणत नाही. परतीला तोच वारा तोंडावर. सकाळचा मतलई वारा पडला की दिवसभर टॅकवर टॅक, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाणं. म्हणून पणजीला थांबलो तेव्हा आमच्या ३२ फुटी बोटीवरचे १६ नंबरचे साधे विंच काढून ४० नंबरचे सेल्फ-टेलिंग, म्हणजे दोर स्वतःच जबड्यात धरून ठेवणारे, बसवले.

नंबर म्हणजे ढोबळमानाने ताकदीचं गुणोत्तर. ३० चौरस मीटरच्या जेनोआवर २० नॉट वाऱ्यात शीटला सुमारे २५० किलो ताण येतो. १६ च्या विंचवर हँडलला जवळपास १६ किलो जोर लावावा लागतो, ४० च्या विंचवर सव्वासहा, घर्षणाचं वेगळं. शीटची जाडीही आधी मोजा. जबड्याच्या मापापेक्षा दोर बारीक असेल तर सुटतो, जाड असेल तर बसतच नाही.

जागा ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. २५४ मिमीचं हँडल कुठेही न अडता पूर्ण फिरलं पाहिजे. खाली लॉकरमध्ये नटापर्यंत पाना पोहोचला पाहिजे. हे भोक पाडल्यावर आठवून उपयोग नाही. आणि शीट ड्रमवर खालून वर, ५ ते १० अंशांत चढली पाहिजे. ती सपाट किंवा वरून आली की फेऱ्यावर फेरा चढतो आणि ताणाखाली दोर जाम होतो. आमचं कोमिंग (कॉकपिटभोवतीचा उंच काठ) बाहेरच्या बाजूला उतरतं, त्यामुळे विंचखाली सागवानी पाचर घालावी लागली. बेस फिरवताना मुख्य गिअर शीट ड्रमला जिथे भिडते त्या बाजूला ठेवायचा. हे बरेच जण विसरतात आणि ताण बेसच्या चुकीच्या बाजूवर येतो.

बेसचे बोल्ट ड्रमच्या आत असतात, म्हणून आधी ड्रम काढायचा. तो उचलताना रोलर बेअरिंग आत चिकटून वर येतात आणि निसटतात. तळाला भोक पाडलेलं खोकं विंचभोवती बसवा, नाहीतर मांडवीचा गाळ उपसायची तयारी ठेवा.

खरा वेळ भोकांत जातो. डेकच्या आत बाल्सा लाकूड आहे. त्यात पाणी शिरलं की ते कुजतं, आणि मग बोल्ट आवळला की डेक दबतो. ८ मिमीच्या बोल्टसाठी साडेआठचं भोक पाडलं, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून भोवतालचा बाल्सा सेंटीमीटरभर कोरून काढला, खालून टेप लावली आणि घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं. जुनी भोकंही तशीच बुजवली. २४ तासांनी पुन्हा ड्रिल. भोकाचं वरचं तोंड किंचित रुंद केलं की सीलंटचं कडं तिथे टिकतं.

प्रत्येक विंचला ३१६ स्टेनलेसचे पाच बोल्ट, खाली ६ मिमी ॲल्युमिनियमची बॅकिंग प्लेट, मोठे वॉशर. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम भिडतात तिथे गंजरोधक पेस्ट लावली. खाऱ्या हवेत ती टाळू नये. सीलंट पॉलिसल्फाइड. कायमचं चिकटवणारं पॉलियुरेथेन वापरलं तर पुढच्या वेळी विंचसोबत डेकचा तुकडाही निघेल. वर एकाने बोल्टचं डोकं धरायचं, लॉकरमधल्याने फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला की सील तुटतो. सीलंट कडेने बाहेर आलं की थांबा, दुसऱ्या दिवशी शेवटचा आवळा. पणजी-बेती फेरीच्या लाटा लागतात तिथे ड्रिल हातात धरू नये. आम्ही नदीत थोडं आत गेलो.

गिअरला ग्रीस पातळ थरात, पण पॉलला, म्हणजे ड्रम उलट फिरू न देणाऱ्या खिटीला, फक्त हलकं तेल. ग्रीसने पॉल चिकटला की हँडल उलट फिरून मनगटावर बसतं. बेसची पाणी जायची भोकं सीलंटने बुजली नाहीत ना, तेही बघायचं.

आग्वादहून वेंगुर्ला सरळ रेषेत सुमारे २३ सागरी मैल, टॅक मारत तिशीच्या पुढे. तिथे नांगर टाकल्यावर प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू दाबून पाहिला. दहापैकी एक ओला निघाला. तो बोल्ट काढून नव्याने सीलंट भरलं.