सोनजाईचं चौथं वर्ष

इंग्लंडातल्या रेडिंगच्या आमच्या घरामागच्या भिंतीला एप्रिल २०२२ मध्ये लावलेल्या वेलीची ही यंदाची नोंद. जात ‘फियोना सनराइज’, म्हणजे जॅस्मिनम ऑफिसिनेलची पिवळ्या पानांची जात. आपल्या जाईची सख्खी बहीणच म्हणा, फक्त हिला थंडी सोसते आणि फुलं जरा लहान. आमच्याकडे सगळे तिला सोनजाईच म्हणतात.

आधी थोडं मागचं. लावली त्याच वर्षी १९ जुलैला इंग्लंडात पारा पहिल्यांदा चाळिशीपार गेला. भिंत नैर्ऋत्येला, दुपारभर तापणारी. दोन दिवसांत वरच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, बोटांत धरलं की पापडासारख्या मोडायच्या. घाबरून सावलीसाठी जुनी चादर बांधली ती महिनाभर तशीच राहिली. चादर काढली तर पानं हिरवीगार! तेव्हा उमगलं की हिचं सोनं उन्हावर ठरतं. सावलीत ती साधी हिरवी वेल होते आणि कडक उन्हात मुळाशी ओल नसली तर करपते. म्हणून ऊन अडवायचं नाही, मुळं गार ठेवायची. तेव्हापासून बुंध्याभोवती चार बोटं पालापाचोळ्याचा थर असतोच. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस फारसा पोचत नाही, म्हणून लावतानाच वीतभर लांब लावून वेल भिंतीकडे कलती बांधली होती, त्याचाही उपयोग झाला.

डिसेंबरच्या कडाक्यात शेंडे काळे पडले. मार्चमध्ये नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं दिसलं तिथपर्यंतच कापलं आणि मे महिन्यात प्रत्येक पेरातून फुटवा आला. थंडीने गेली असं वाटणाऱ्या वेली कोणी घाईने उपटू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२०२३ मध्ये माझी चूक खतात झाली. लॉनचं उरलेलं खत हिलाही घातलं. त्यात नत्र भरपूर, त्यामुळे वेल तारांवरून सरसर चढली, पानांचा नुसता पडदा झाला आणि फूल एकही नाही. २०२४ पासून फक्त टोमॅटोचं पातळ खत, कारण त्यात पालाश जास्त असतं. ते मे ते ऑगस्ट दर पंधरा दिवसांनी द्यायचं. त्या वर्षी फुलं आली अकरा. रोज मोजत होते.

आणि यंदा! वसंत लख्ख उन्हाचा गेला. एप्रिलअखेरच फुटवे असे पिवळे होते की ढगाळ दिवशीही भिंतीवर ऊन पडल्यासारखं वाटे. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तो ओल्या बोटांनी पुसून काढला, फवारणी केली नाही. जूनच्या मध्यावर बाजूच्या फांद्यांवर कळ्यांचे झुबके दिसले. कळी बाहेरून गुलाबी, जाईच्या कळीसारखीच. पिवळ्या पानात ती उठून दिसते, पण उमललेलं पांढरं फूल मात्र जरा हरवतं. हिरव्या जातीच्या मानाने हिला फुलं कमीच येतात. फुलांचा ढीग हवा असेल तर हिरवी जातच लावा, मला मात्र ही हवी आहे.

२४ जूनला रात्री साडेनऊला अजून उजेड होता. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली होती आणि भांडी घासताना एकदम तो वास आला. साताऱ्याच्या घरी आई संध्याकाळी कळ्या ओल्या रुमालात ठेवायची, त्या रुमालाचा वास. हात तसेच ओले घेऊन बाहेर गेले. नाक फुलाला लावलं तर तितका जाणवेना, दोन पावलं मागे सरकलं की पुन्हा दरवळ. संध्याकाळ चढेल तसा तो वाढतो, हे आता रोज पाहिलं आहे.

आज, सप्टेंबरात, छाटणी केली. फुलून गेलेल्या फांद्या खालच्या जोमदार फुटव्यापर्यंत आणल्या, गुंता सोडवला. मधूनच निघालेली एक पूर्ण हिरवी फांदी मुळापासून काढली, नाहीतर तीच जोर धरते. जुलैत एक खालची फांदी पेरापाशी जराशी खरवडून कुंडीतल्या मातीत दाबली होती. हलकेच ओढून पाहिली तर माती धरून आहे. वसंतात ती वेगळी करून शेजारच्या गल्लीतल्या ताईंना द्यायची आहे. त्यांची भिंत पूर्वेची, सकाळचंच ऊन. पानं तिथे किती पिवळी राहतात ते पुढच्या नोंदीत.