आमची वाटचाल : बंद पडलेल्या मशीनपासून इथपर्यंत

"पंखा फिरतो, लाइट लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." आमच्या कॉम्प्युटर रिपेअरच्या वर्कशॉपला पहिल्या दिवसापासून आजपर्यंत सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य हेच. आम्ही दोघं, मी आणि माझा पार्टनर, सुरुवात केली तेव्हा जवळ एक टेबल, एक मल्टिमीटर, चालू असलेली एक रॅमची पट्टी आणि एक जुनं डिस्प्ले कार्ड एवढंच होतं. नो डिस्प्लेचं मशीन आलं की रॅम काढायची, खोडरबरने घासायची, परत बसवायची, नाही जमलं तर आपली रॅम लावून बघायची, मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून बघायचा, मग सीमॉसचा, म्हणजे बोर्डावरच्या सेटिंग टिकवणारा, सेल, आणि एवढं करून पण नाही उठलं तर मदरबोर्ड गेला म्हणून सांगायचं. बरीच मशीनं अशीच सुरू व्हायची, ते खोटं नाही. पण या पद्धतीत आपल्या चांगल्या वस्तू खराब बोर्डावर लावाव्या लागतात, आणि एकदा संशय असलेला एसएमपीएस न मोजता थेट आमच्या चांगल्या बोर्डाला जोडला आणि तो बोर्ड कायमचा गेला. त्या दिवशी ठरलं की असं अंदाजाने चालणार नाही.

मग डायग्नोस्टिक कार्ड आलं. पोस्ट कार्ड म्हणा, डिबग कार्ड म्हणा, एकच. आमचं पहिलं कार्ड दोन तोंडांचं होतं, एका बाजूला पीसीआयची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला जुन्या आयएसए स्लॉटची (दोन्ही बोर्डावर जादा कार्ड बसवायच्या खाचा), वर दोन अक्षरांचा लाल डिस्प्ले आणि बाजूला बारीक दिव्यांची रांग. त्यातली आयएसए बाजू उलटी बसू शकते आणि तशी बसली तर व्होल्टेज भलत्याच पिनांवर जाऊन कार्ड आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात, म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी मार्करने बाण काढून ठेवला होता. आणि कार्ड घालताना काढताना भिंतीतली वायर काढूनच, कारण मशीन बंद दिसलं तरी स्टँडबायचे ५ व्होल्ट बोर्डावर असतातच.

हे कार्ड करतं काय ते नीट समजायला आम्हाला वेळ लागला, आणि मला वाटतं बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. पॉवर दिल्यावर सीपीयू सगळ्यात आधी बोर्डावरच्या चिपमधला बायोस नावाचा सुरुवातीचा प्रोग्राम चालवायला घेतो, त्यातल्या तपासणीलाच पोस्ट म्हणतात. बायोस प्रत्येक टप्प्याला एक आकडा ८०एच नावाच्या पोर्टवर पाठवतो, आयबीएमच्या १९८४ च्या एटी मशीनपासूनची ही पद्धत. कार्ड फक्त तो आकडा पकडून दाखवतं, ००पासून एफएफपर्यंत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ ही अक्षरं वापरून), म्हणजे २५६ शक्यता. मशीन जिथे अडकलं तिथला शेवटचा आकडा डिस्प्लेवर तसाच राहतो, त्यासाठी मॉनिटर लागत नाही की स्पीकर लागत नाही. कार्ड स्वतः कसलीही तपासणी करत नाही. नाव डायग्नोस्टिक असल्यामुळे आम्हाला वाटायचं की हे पार्ट खराब कुठला ते सांगणार, पण ते सांगतं मशीन कुठल्या कामावर थांबलं ते, आणि त्या कामात रॅम, रॅमचा स्लॉट, सीपीयूची पिन, व्होल्टेज, यातलं काहीही आडवं आलेलं असू शकतं.

हे आम्ही चूक करून शिकलो. एका काकांचं मशीन आलं, कार्डवर सी१ येऊन थांबायचं. आमच्याकडे कार्डासोबत आलेल्या पुस्तिकेत पहिलंच पान अवॉर्ड या कंपनीच्या बायोसचं होतं, तिथे सी१ म्हणजे मेमरी ओळखणं. झालं, रॅम बदलली, दोन्ही स्लॉट साफ केले, तीन वेगवेगळ्या पट्ट्या लावून पाहिल्या, तरी सी१. आम्ही सांगून टाकलं की मेमरीचं सर्किट गेलंय, नवा बोर्ड घ्यावा लागेल. ते बिचारे हो म्हणाले. रात्री पार्टनर बोर्ड परत बघत बसला तेव्हा त्याचं लक्ष बायोसच्या चिपवरच्या स्टिकरकडे गेलं, तो एएमआय या दुसऱ्या कंपनीचा होता. एएमआयच्या त्या पिढीच्या यादीत सी१ म्हणजे सीपीयूच्या सुरुवातीच्या तयारीतला टप्पा, मेमरीशी संबंध नाही. सीपीयू काढला तर सॉकेटमधली एक पिन आडवी झालेली, भिंगाखाली सुईने हळूहळू सरळ केली आणि मशीन उठलं. सकाळी काकांना फोन करून सांगितलं की आमचं कालचं बोलणं चुकीचं होतं, बोर्ड चांगला आहे, घेऊन जा. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." त्यानंतर गेली कित्येक वर्षं त्यांच्या घरातलं प्रत्येक मशीन आमच्याकडेच येतं.

त्याच दिवशी वही घातली. मशीन टेबलावर आलं की आधी बोर्डचं मॉडेल, बायोस कोणाचा, मग दिवे, मग कोड कुठून कुठे धावले आणि कुठे थांबले, आणि शेवटी खरा फॉल्ट काय निघाला. छापील यादीपेक्षा आज आमचा जास्त विश्वास या वहीवर आहे, कारण बोर्ड बनवणारे आपापले कोड मध्ये घुसवतात आणि ते कुठल्याच पुस्तिकेत सापडत नाहीत.

दिव्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक सरळ आकड्याकडे बघतात आणि अर्धी उत्तरं दिव्यांतच असतात. ३.३, ५, १२ व्होल्टचे दिवे लागले म्हणजे तो पुरवठा आलाय एवढंच, तो पुरेसा आहे असं नाही. १२ व्होल्टच्या जागी साडेदहा आले तरी दिवा मस्त लागतो, म्हणून मीटर लावायचाच. १२ ला ११.४ ते १२.६ आणि ५ ला ४.७५ ते ५.२५, या हद्दीबाहेर गेलं की आम्ही आधी एसएमपीएस बाजूला ठेवतो आणि मगच पुढचं बघतो. रिसेटचा दिवा पॉवर दिल्यावर क्षणभर लागून विझला पाहिजे. एक मशीन आमच्याकडे बोर्ड डेड असं सांगून पाठवलेलं आलं होतं, त्यात हा दिवा विझतच नव्हता, कोडच्या जागी नुसत्या दोन रेघा. समोरच्या पॅनलच्या वायरी काढल्या, दिवा विझला, आकडे पळायला लागले! कॅबिनेटचं रिसेटचं बटण आत दाबलेलंच अडकून बसलं होतं.

आकडा हललाच नाही, सुरुवातीपासून रेघा किंवा ०० किंवा एफएफ असेल तर सीपीयूने काम सुरूच केलेलं नाही असं धरतो, आणि पहिलं बघतो ते सीपीयूजवळचा १२ व्होल्टचा चार किंवा आठ पिनांचा प्लग, तो लावायचा राहून गेलेली किती मशीनं आली त्याला हिशोब नाही. मग बायोसची चिप, मग सीपीयू. पण हेच ०० आणि एफएफ शेवटी पण येतात. अवॉर्डमध्ये सगळं पार पडून डिस्ककडे काम सोपवताना एफएफ येतो, एएमआयच्या जुन्या बायोसमध्ये ००. म्हणून नुसतं थांबलेलं बघून काही ठरवायचं नाही, पॉवर दिल्यापासून डोळा ठेवायचा. आकडे धावून मग एफएफ आला असेल तर मशीन उठलेलं आहे, दोष मॉनिटरमध्ये, केबलमध्ये नाहीतर डिस्कमध्ये शोधायचा. आणि लिनक्स असलेल्या काही मशीनवर पूर्ण चालू झाल्यावरसुद्धा आकडे हलताना दिसतात, कारण लिनक्स हाच पोर्ट बारीकसा वेळ काढायला वापरू शकतो, आमचा मुलगा पहिल्यांदा ते बघून मशीन परत परत रिस्टार्ट होतंय म्हणून धावत आला होता.

हळूहळू दुसरे रिपेअरवाले पण बोर्ड पाठवायला लागले. त्यांना आवडलं ते हे की प्रत्येक बोर्डाबरोबर चिठ्ठी जायची, कुठल्या कोडवर थांबला, काय मोजलं, काय बदललं. फुगलेले कॅपॅसिटर, बिघडलेला बायोस, जळालेले मॉसफेट, हे काम वाढलं तसं एकाचे दोन टेबल झाले, मग तीन.

मग पीसीआयचा स्लॉटच जायला लागला. इंटेलच्या २०११ च्या सहाव्या सिरीजपासून घरगुती चिपसेटमधला (बोर्डावरच्या मुख्य चिपमधला) मूळ पीसीआय गेला, ज्या बोर्डावर स्लॉट होता तो वेगळ्या ब्रिज चिपमधून काढलेला, आणि तिथे कार्ड लावलं की कोड उशिरा यायचे किंवा यायचेच नाहीत. काही आठवडे आम्ही चांगल्या बोर्डांवर उगाच संशय घेतला. लॅपटॉपसाठी मिनी पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड घेतलं, त्याचं पण तसंच, त्याला लागणाऱ्या लाइनी कंपनीने त्या स्लॉटला जोडल्या असतील तरच कोड दिसतो, कोरा डिस्प्ले म्हणजे बोर्ड मेला असं होत नाही. हे आम्ही आता चिठ्ठीवर पण लिहितो.

आता नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे डिस्प्ले), बूट असे चार दिवे असतात, महागड्या बोर्डांवर कोडचा डिस्प्ले कंपनीच बसवून देते. काम तेच, वाचायचं तसंच.

नवीन कोणी शिकायला आलं की पहिल्या दिवशी बिघडलेलं मशीन देतच नाही. चांगला चालणारा बोर्ड देतो, कोडची पूर्ण रांग वहीत लिहायला सांगतो, मग रॅम काढून कुठे थांबतो ते लिहायचं, मग सीपीयूचा प्लग काढून, मग डिस्प्ले कार्ड काढून. परवा नवीन आलेल्या मुलीला डीडीआर५चा, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचा, बोर्ड दिला होता. रॅम काढल्यावर ५५ वर थांबला, म्हणजे मेमरी नाही, बरोबर. परत बसवली तर डीरॅमचा दिवा लागून राहिला, स्क्रीन काळी, शेजारचा म्हणाला बंद कर, काहीतरी बिघडलं. डीडीआर५ पहिल्यांदा उठताना मेमरी जुळवून घेते आणि त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात, हे तिने आदल्या दिवशी आमच्याच वहीत वाचलं होतं. तिने बटणाला हात लावला नाही, घड्याळ बघत बसली, आणि स्क्रीन आली तेव्हा किती वेळ लागला ते वहीत त्या बोर्डाच्या नावापुढे लिहून ठेवलं.