मुंबई ते न्यूयॉर्क : चौदा तासांचे सोळा कसे होतात

मर्केटर नकाशावर, म्हणजे गोल पृथ्वी चौकोनात सपाट पसरून काढलेल्या नकाशावर, मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. तिची लांबी भरते साधारण १४,२०० किमी. आता घरातल्या मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपसूक उत्तरेकडे सरकतो आणि आइसलँडच्या पूर्वेला ६५ अंश अक्षांशाजवळ पोहोचतो. हा खरा जवळचा रस्ता, सुमारे १२,५०० किमी. नकाशावर वाकडा दिसणारा मार्ग तब्बल सतराशे किमी वाचवतो.

विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागलं की चौदा तास येतात. बहुतेक जण इथे थांबतात आणि मग विमान "उशिरा" पोहोचलं म्हणून कुरकुरतात.

विमान उडतं त्या उंचीवर वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. सरासरी ताशी ५० किमीचाच धरा. जाताना वेग ८५० होतो आणि १४ तास ४० मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून १३ तास १० मिनिटं. शिवाय दोऱ्याच्या रेघेवरून उडू देतीलच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. अमेरिकी कंपन्यांना रशियाची हद्द २०२२ पासून बंद. वळसा आला की वेळही वाढला आणि इंधनही. वेळापत्रकातली वेळ तर गेटवरून निघाल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, म्हणजे धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच. म्हणून जाताना सोळा तास धरून चालावं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, हे विसरलं की हिशेब फसतो. जानेवारीत मुंबईहून पहाटे १:३० ला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७ ला उतरलात, तर घड्याळात साडेपाच तास दिसतात. त्यात दोन्ही गावांच्या घड्याळांतला साडेदहा तासांचा फरक मिळवा : सोळा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे. परतताना हाच फरक वजा करायचा.

दुबईमार्गे गेलं तर? मुंबई-दुबई सुमारे १,९३० किमी, पुढे न्यूयॉर्क सुमारे ११,०००. अंतर जेमतेम चार-साडेचारशे किमीने वाढतं, म्हणजे अर्धा तास. बाकीचा सगळा वेळ दुबईच्या बाकड्यावर जातो. तेव्हा तिकीट घेताना किलोमीटर बघू नका, मधला थांबा किती तासांचा आहे ते बघा.

आणि हो, १५ तारखेचं रात्री १२:३० चं विमान असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्री नऊ-साडेनऊलाच हजर राहायचं. १५ च्या रात्री गेलात, तर विमान उडून वीस-एकवीस तास झालेले असतात.