आमची वाटचाल : दोन नावांची खतावणी

बार्शीत आमचं किराणा दुकान १९८६च्या दसऱ्याला सुरू झालं. भांडवल वडिलांचं आणि त्यांच्या मित्राचं, निम्मं-निम्मं. पाचव्या वर्षी भागीदारकाका अचानक गेले. घाऊक व्यापाऱ्यांची देणी दोघांच्या नावावर होती, आणि गावातली उधारी वसूल व्हायची आशा नव्हती.

त्याच दिवसांत वडिलांच्या हाती ग्रंथालयातलं अब्राहम लिंकनचं चरित्र आलं. आपण त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखतो. वडिलांना त्यात दुकानदार दिसला. इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलम या छोट्या गावात तो १८३१ साली दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाची निवडणूक लढवून हरला, पण गावच्या ३०० मतांपैकी २७७ त्यालाच पडली. "काउंटरवर सचोटीनं उभं राहिलेल्याला गाव विसरत नाही," वडील सांगायचे. पुढे विल्यम बेरीशी भागीदारी करून त्याने स्वतःचं दुकान थाटलं, तेही वचनचिठ्ठ्या लिहून देऊन, म्हणजे उधारीवरच. ते बुडालं. मग पोस्टमास्तरकी केली, जमीनमोजणी केली. मोजणीच्या निमित्ताने रानोमाळ फिरताना ओळखी वाढल्या आणि १८३४ साली तो आमदार झाला. व्हँडेलियाला, म्हणजे राज्याच्या तेव्हाच्या राजधानीला, अधिवेशनासाठी जायला धड कपडे नव्हते, म्हणून २०० डॉलर उसने घेतले.

अधिवेशन चालू असतानाच, जानेवारी १८३५मध्ये, बेरी वारला. सुमारे ११०० डॉलरचं कर्ज एकट्या लिंकनच्या अंगावर आलं. वसुलीत त्याचा घोडा आणि मोजणीची साधनंसुद्धा लिलावात गेली. एका मित्राने ती विकत घेऊन त्याला परत दिली. लिंकन सलग चारदा निवडून आला, आणि कर्ज वर्षानुवर्षं फेडत राहिला. बेरीच्या वाट्याचंही.

हे वाचून वडील व्यापाऱ्यांकडे गेले. म्हणाले, "वहिनींच्या दारात कुणी जायचं नाही. सगळं मी देईन, फक्त मुदत द्या."

आईच्या पाटल्या मोडल्या. रोज रात्री शटर ओढल्यावर वडील गल्ला मोजायचे आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर एकेका व्यापाऱ्याचं नाव लिहून त्यात नोटा घालायचे. एखादं पाकीट रिकामं राहिलं की त्या रात्री ते जेवताना बोलत नसत.

शेवटचं देणं २००१च्या लक्ष्मीपूजनाला फिटलं. खतावणीच्या त्या पानावर काकूंनी हळदकुंकू वाहिलं. त्यांचा मुलगा आज माझा भागीदार आहे, निम्म्या-निम्म्याने.