फुजी-तयारी, नोंद ६ : किंतोकीवरून समोरासमोर

आकडे आधी सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे ते मोकळे. पाठीवर ९ किलो (मागच्या खेपेला ७), किंतोकी डोंगराच्या पायथ्याच्या देवळापासून माथ्यापर्यंत १ तास १८ मिनिटं. उतरताना उजवा गुडघा शेवटचा अर्धा तास कुरकुरला, पण थांबावं लागलं नाही. पोटऱ्या शाबूत. शिंका मोजल्या नाहीत.

फेब्रुवारीत मी याच किंतोकीवर येऊन गेलो होतो आणि फुजीचा फोटो म्हणून धुक्याचा फोटो टाकला होता, तो आठवत असेल. त्या दिवशी समोर सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून मधूनच ‘धुडुम्’. पहिल्या आवाजाला पोटात गोळा आला. ज्वालामुखी बघायला आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? शेजारी डबा खात बसलेल्या आजोबांनी मान वर न करता सांगितलं, ‘जिएताई’. म्हणजे स्वसंरक्षण दल. फुजीच्या गोतेंबाकडच्या पायथ्याला त्यांचं सरावाचं मैदान आहे, तिथल्या तोफा. या वेळी वसंत-संपाताची सरकारी सुट्टी होती, त्यामुळे तोफा गप्प. आणि आभाळ असं की शिंजुकूहून निघालेल्या पहिल्या बसमधूनच फुजी दिसायला लागला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की मला येत्या उन्हाळ्यात गोतेंबाच्या वाटेने फुजी चढायचा आहे. चार वाटांमधली ही सगळ्यांत लांब. गर्दीची योशिदा वाट सुरू होते तीच २३०० मीटरवर. गोतेंबाची १४४० वर. माथा ३७७६. उरलेली वजाबाकी तुम्ही करा, मी रोज करतोय. वाट १० जुलैला उघडते. २०२५ पासून सगळ्याच वाटांवर माणशी ४००० येन लागतात, आणि वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीचं आरक्षण नसेल तर दुपारी दोननंतर वर सोडत नाहीत. मला हा नियम पटतो. रात्रभर धावत चढून पहाटे वर कुडकुडणारे लोक मी पाहिले आहेत.

सरावाला किंतोकीच का, तर त्याच्या माथ्यावरून बरोबर तीच बाजू समोर येते. शिवाय डोंगर आटोपशीर आहे. १२१२ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून थोडा बुटका, आणि देवळापासून चढ पाचशे मीटरच्या आसपास. तरी हा साधा डोंगर नव्हे. तो ज्या हाकोने परिसरात आहे, तो मुळात एक प्रचंड ज्वालामुखी, आणि त्याच्या जुन्या तोंडाची जी वर्तुळाकार कड उरली आहे तिच्यावरचा सर्वांत उंच माथा म्हणजे किंतोकी.

सुरुवात सुगीच्या रानातून. सुगी म्हणजे इथला सरळसोट उंच सूचिपर्णी वृक्ष. युद्धानंतर डोंगरच्या डोंगर याच एका झाडाने भरून काढले, आणि आता त्याच्या परागांमुळे दर मार्चला निम्मा देश नाक पुसत फिरतो. मी मास्क, गोळी, डोळ्यांत थेंब असा जामानिमा करून गेलो होतो, तरी पहिली वीस मिनिटं शिंकत चढलो. मग दोन फाकळ्या झालेला तो अवाढव्य धोंडा येतो. किंतारो, म्हणजे अस्वलाशी कुस्ती खेळणारा इथला बाळ-बलभीम, आईबरोबर या धोंड्याच्या आडोशाला राहायचा अशी कथा आहे. येणारे-जाणारे धोंड्याखाली बोटभर काटक्या टेकू म्हणून लावून जातात. मीही एक लावली. गोवर्धनाला काठी लावणाऱ्या गोपांचे आपण वारस.

धोंड्याच्या वर सावलीत पायाखाली कुरुम-कुरुम व्हायला लागलं. वाकून बघितलं तर शिमोबाशिरा. शब्दशः गोठलेल्या दवाचे खांब. मातीतलं पाणी रात्री गोठताना बारीक सुयांसारखं वर वाढत जातं आणि वरचा मातीचा पापुद्रा डोक्यावर उचलून धरतं. एक ढेकूळ उचललं, तर खाली तीन-चार सेंटिमीटरच्या काचेसारख्या काड्यांचा गठ्ठा, शेवयांची जुडी उभी करावी तसा. पाय पडला की ताजा पापड मोडल्याचा आवाज. हे कौतुक साडेनऊपर्यंतच. ऊन आलं की याच खांबांचं पाणी होतं आणि वाटेचा रबडीसारखा चिखल. तो उतरताना भेटला. त्याबद्दल पुढे.

धारेवर हाकोनेदाके नावाचा बारीक बांबू दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. त्यातून बाहेर आलं की आसेबीची झुडपं, पांढऱ्या इवल्या घंट्यांचे घोस लोंबणारी. नाव लिहितात ते ‘घोडा-झिंग-झाड’ अशा अक्षरांनी, कारण पानं विषारी. खाल्ली की घोडा झिंगतो. शेवटच्या टप्प्यात हात टेकवत चढायचं आहे. तिथे ९ किलो जाणवले.

माथा, आणि समोर तो. मध्ये काही म्हणजे काही नाही. खाली गोतेंबा शहर पसरलेलं, आणि त्याच्या पलीकडे थेट पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा फुजी. मी दुर्बीण काढली आणि पाऊण तास खाली ठेवली नाही. कॅलेंडरावरचा सुबक शंकू इथून दिसतच नाही. डाव्या खांद्याला मोठा खड्डा पडलेला आहे आणि त्याच्या कडेला एक टेंगूळ. हे होएइचं विवर, माथ्यावरच्या विवरापेक्षाही मोठं. १६ डिसेंबर १७०७ ला फुजी इथून कुशीत फुटला. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, आधी पांढरी आणि मग काळी राख पडली. भर दिवसा दिवे लावावे लागले. पायथ्याचं सुबाशिरी गाव तीन मीटरच्या आसपास खड्यांखाली गाडलं गेलं. सोळा दिवस हे चाललं. ते थांबलं आणि पंधरवड्याच्या आत, जानेवारी १७०८ मध्ये, तिकडे साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. दोन्ही तारखा शाळेपासून वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. दुर्बीण डोळ्याला लावून बसलो असताना एकत्र आल्या.

माझ्या कामाची गोष्ट पुढची आहे. इतर बाजूंना फुजीच्या कमरेला रानाचा रुंद गडद पट्टा आहे. गोतेंबाच्या बाजूला बर्फाची कड संपते आणि बराच खालपर्यंत नुसता राखाडी-काळा उतार. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या खड्यांवर रान अजून परतलेलं नाही. म्हणजे जुलैत मला सावली मिळणार नाही, आणि चढताना प्रत्येक पाऊल थोडं मागे घसरणार. हे वाचलं होतं. बसून बघितल्यावर पटलं. पाण्याचा हिशेब २ लिटरवरून ३ वर नेतोय. उतरताना मात्र त्याच घसाऱ्यावरून टाचा रोवत धावत यायचं, तिला ‘ओसुनाबाशिरी’, मोठी वाळू-धाव, म्हणतात. सह्याद्रीतल्या मुरमाळ घसाऱ्यांवर ज्यांचं बालपण गेलं त्यांनी घाबरू नये.

आणि दगडही परका नाही. जपानमधले बहुतेक ज्वालामुखी अँडेसाइटचे. फुजी मात्र मुख्यतः बेसाल्टचा, आपल्या कातळाचा सख्खा भाऊ. फरक वयाचा. आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून थरावर थर बसलेला, हा कालपरवाचा.

माथ्यावर दोन चहाची घरं आहेत. एका ठिकाणी करी घातलेल्या उदोन-शेवयांना ‘मासा-करी’ म्हणतात, कारण मासाकारी म्हणजे किंतारोची कुऱ्हाड. असले विनोद पुण्यातच चालतात असा माझा समज होता. भिंतीवर नेमाने येणाऱ्यांची नावं आणि कोण किती वेळा चढलं ते आकडे. दर रविवारी सिंहगड करणारे आमचे काका इथे पहिल्या आठवड्यात रुळले असते. मी मिसो सूप घेतलं, आणि बरोबर आदल्या दिवशी पाडव्याला केलेल्या पुरणपोळीची गुंडाळी. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे ‘आन्को’ का? डाळीचं गोड सारण, आणखी वेगळं काय सांगणार? हो म्हटलं.

पाठ फिरवली की दुसरा ज्वालामुखी. हाकोनेतल्याच ओवाकुदानीच्या पिवळट उघड्या दरडीतून वाफा निघत होत्या. २०१५ च्या जूनअखेर तिथे छोटा उद्रेक झाला होता.

ओतोमे खिंडीकडे उतरताना तो चिखल. चेन-स्पाइक (बुटांना अडकवायच्या दातेरी साखळ्या) पिशवीतून बाहेर निघालेच नाहीत, काठी मात्र नसती तर दोनदा बसलो असतो. एकदा बसलोच. खाली सेंगोकुहारामध्ये ओवाकुदानीहून आणलेल्या दुधी, गंधकाच्या वासाच्या पाण्यात अर्धा तास गुडघा बुडवून ठेवला. परतीच्या बसला सुट्टीची गर्दी, त्यावर बोलत नाही.

बुटांचा चिखल या वेळी फेकला नाही. ही तपकिरी माती म्हणजे फुजी आणि हाकोनेची कुजलेली राखच. वाटीत पाणी घालून अंगठ्याने चोळायची, गढूळ पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी. साधारण पंधरा वेळा. बायको म्हणाली सिंक तुंबलं तर तूच बघ. शेवटी पाणी निवळलं आणि तळाला चमचाभर रेती राहिली. फोनला भिंग लावून पाहिलं तर काळे लांबट स्फटिक, काचेसारखे पारदर्शक तुकडे, आणि मध्ये तीन-चार हिरवट दाणे, ऑलिव्हिन या खनिजाचे. डबीत भरून ठेवलेत. पुढच्या नोंदीत ११ किलो.